अक्कांचा उलटा फॅन

साताऱ्यात आमच्या फ्लॅटच्या बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन गेल्या आठवड्यात बंद पडला. इलेक्ट्रिशियन नुसता "येतो, येतो" करत राहिला. शेवटी मीच नवा फॅन विकत आणला, मोबाईलवर एका माणसाचा फॅन बसवण्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि आज रविवारची दुपार गाठून फरशीवर पसारा मांडून बसले. फॅन मांडीवर घेतला तर त्याच्या कडेला एक छोटासा बाण दिसला. हवा कुठल्या दिशेला जाणार ते दाखवणारा. बाण पाहिला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच राहिला. डोळ्यांपुढे आष्ट्याची न्हाणी उभी राहिली, तिच्या भिंतीतलं गोल भोक, आणि त्या भोकातून आत डोकावणारं अक्कांचं तोंड. मग काय, काम राहिलं बाजूला.

अक्का माझ्या घरमालकीण. बँकेनं मला आष्ट्याच्या शाखेत टाकलं तेव्हा मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहत होते. जैन शेतकऱ्याचं घर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, ऊस आणि हळदीचं रान वाट्यानं लावलेलं, एकुलता एक मुलगा पुण्यात इंजिनिअर. घरात अक्का एकट्या. बुटक्या, काटक, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोवलेला. नळाच्या तोंडाला पाणी गाळायचं पांढरंशुभ्र फडकं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं, आणि स्वयंपाकघरात पळी-झाऱ्यांच्या शेजारी, त्याच खुंट्यांना, पक्कड आणि टेस्टर टांगलेले. भाजी ढवळता ढवळता त्या अर्ध्यातून उठून मिक्सरचा स्क्रू आवळून यायच्या. बोलताना "मी येतो, मी करतो" असं बोलायच्या, तिकडच्या पुष्कळ बायका बोलतात तसं. मी साताऱ्याची, मला सुरुवातीला हसू यायचं. पुढं पुढं तेच कानाला गोड लागायला लागलं.

यजमान गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीची मोटार बंद पडली, वायरमन आलाच नाही आणि हळद वाळायला लागली. तेव्हापासून म्हणे अक्कांनी ठरवलं की घरातल्या यंत्रांशी आपणच बोलायचं. आणि त्या खरंच बोलायच्या. पंप सुरू होईना झाला की त्याच्यापाशी बसून, "दमलास व्हय? बस वाईच," म्हणायच्या. थोड्या वेळानं बटण दाबलं की तो चालू व्हायचा. का व्हायचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण अक्कांचं खरं वेड म्हणजे नेम. जैन घरांतून नेम घेतात हे मला ठाऊक होतं, चातुर्मासात हे खायचं नाही, ते करायचं नाही. अक्कांनी मात्र नेमांचं पीकच काढलं होतं. सोमवारी कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही हा त्यातला एक. सोमवारी मी बँकेतून चिडून आले आणि मॅनेजरची कुरकुर सुरू केली की त्या दोन्ही कानांवर हात ठेवायच्या.

"उद्या सांग गं पोरी. उद्या मी बी दोन शब्द घालतो."

आणि मंगळवारी सकाळी मी केस विंचरत असताना जिन्याच्या खालून हाक यायची, "हं, काय म्हणत हुता त्यो मेला?"

नेम त्या जन्मात मोडायच्या नाहीत. पण घेताना शब्द मोजूनमापून घ्यायच्या, बाजारात घासाघीस करावी तसे. डॉक्टरांनी गोड कमी करा सांगितलं तेव्हा त्यांनी चहातल्या साखरेचा नेम घेतला. दुसऱ्या दिवसापासून चहा गुळाचा. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "साखर सोडली मी. गुळाचं नाव कुणी काढलं?"

गूळ त्या कसा सोडणार होत्या? घराच्या मागे गोठा, गोठ्याच्या मागे उसाचं रान आणि रानाच्या पलीकडच्या बांधाला शेजाऱ्यांचं गुऱ्हाळ. दिवाळीच्या सुमाराला त्याची चिमणी धूर सोडायला लागली की काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास वाऱ्याच्या मर्जीनं कधी यायचा, कधी नाही. यायचा तेव्हा अक्का हातातलं काम थांबवून नुसत्या उभ्या राहायच्या. मी कितीदा तरी त्यांना असं पाहिलंय, अंगणात, हातात केरसुणी, तोंड रानाकडे.

आमची न्हाणी त्याच बाजूला, घराच्या पाठीला चिकटवून बांधलेली. मी आणि अक्का दोघी तीच वापरायचो. एक चिंचोळी खोली, काळी फरशी, बंब, आणि बाहेरच्या भिंतीत उंचावर एक्झॉस्ट फॅन. दुपारच्या उन्हाची तिरीप फॅनच्या पात्यांतून आत यायची आणि समोरच्या ओल्या भिंतीवर उजेडाचे तुकडे पडायचे. फॅन बंद असला तरी वाऱ्यानं पाती हळूच सरकायची, आणि ते तुकडे भिंतीवरून डुलत डुलत खाली उतरायचे, पुन्हा वर जायचे. रविवारी मी मुद्दाम उशिरा आंघोळीला जायची आणि पाणी निवेपर्यंत ते बघत बसायची. अंगावर तांब्या ओतायचं भान राहायचं नाही. बाहेरून अक्का विचारायच्या, "झोपलीस का गं?"

चातुर्मासात मात्र तो फॅन बंद. दिव्यापाशी बारीक किडे फार येतात, पात्यांत सापडून मरतात, म्हणून चार महिने फॅन लावायचा नाही हा अक्कांचा नेम. शिवाय त्याच्यावर फडकं बांधायचं. एका वर्षी आषाढात हे फडकं बांधायलाच त्या न्हाणीतल्या स्टुलावर चढल्या, बांधून उतरताना स्टूल सरकलं आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. मुलगा पुण्याहून धावत आला. प्लास्टर निघेपर्यंत त्यांना घेऊन गेला.

गणपतीच्या आधी त्या परत आल्या त्या पार सुकून. मुलाचं, सुनेचं काही वाईट नव्हतं, सगळी हातावर झेलत होती. मी विचारलं तर आधी पदर कानामागे खोवला. मग म्हणाल्या, "त्यांच्या बाथरूममधी बी फॅन हाय. दिवा लावला की आपला आपण फिरतोय. मी एकदा इचारलं, ही हवा जाती कुठं? तर पोरगा म्हणाला, डक्टमधी. खिडकीतनं बघितलं मी. एक बोळकांडं हाय, वरपतोर भिंती. त्या फॅनला भाईरच न्हाई गं."

सोडायला आलेल्या मुलानं जाताना सरळ सांगितलं होतं. मी तिथंच होते.

"आई, पुन्हा स्टुलावर चढलीस तर मी ऐकणार नाही. घराला कुलूप लावायचं आणि कायमचं पुण्याला यायचं. कबूल?"

अक्का चांगला वेळ विचार करत बसल्या. "न्हाणीतल्या स्टुलावर मी चढनार न्हाई. नेम घेतला," म्हणाल्या. बिचाऱ्याला बरं वाटलं. आईच्या नेमाची किंमत त्याला ठाऊक होती. शब्दांकडे त्याचं लक्ष गेलं नाही, माझं गेलं, पण मी कशाला बोलते?

चातुर्मास संपला. फडकं मी दांडक्यानं ओढून काढलं, बटण दाबलं. फॅन एकदा घुरघुरला आणि थंड पडला. चार महिन्यांच्या ओलीनं आतून गंजला होता. अक्कांनी भरपूर मनधरणी केली, पण या वेळी तो ऐकेना. थंडी सुरू झालेली, आंघोळीचं पाणी कढत, न्हाणीत इतकी वाफ कोंडायची की मला साबण चाचपडत शोधावा लागायचा. भिंतीला बुरशी धरली. इलेक्ट्रिशियन गावातलाच, रोज भेटायचा, रोज "आलोच अक्का" म्हणायचा. इकडे मुलाचा रोज फोन. "फॅन झाला का? नाही तर मीच येतो, आणि आलो की तुला घेऊनच जातो. हे सगळं एकटीनं कशाला ओढायचं?" व्हिडिओ कॉलवर न्हाणी दाखव म्हणाला की अक्का मोबाईल असा काही धरायच्या की त्याला माझ्या वाळत घातलेल्या टॉवेलशिवाय काही दिसू नये.

एका शनिवारी मी बँकेतून आले तर नवा फॅन पुढच्या सोप्यात खोक्याबाहेर मांडलेला. अक्का त्याच्यापुढे पाटावर बसलेल्या.

"आवं अक्का, स्टुलावर चढायचं न्हाई हं," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"स्टुलावर कोण चढतंय? चल मागं."

मागच्या गोठ्यावर सिमेंटचा स्लॅब होता, पापड-सांडगे वाळत घालायचा. त्याला दगडी पायऱ्या. अक्का रोज चढायच्या-उतरायच्या. त्या स्लॅबची कड न्हाणीच्या भिंतीला भिडलेली, आणि कडेला मांडी घालून बसलं की फॅनचं भोक बरोबर छातीशी यायचं. म्हणजे न्हाणीत शिरायचंच नव्हतं, काम बाहेरून करायचं. मला हसावं की रडावं कळेना. पुण्याला कायमचं जायची टांगती तलवार डोक्यावर असताना ही बाई गोठ्यावर सतरंजी अंथरत होती.

"मी चढते की स्टुलावर, तुम्ही खालून सांगा," मी म्हणून पाहिलं.

"तू टेस्टर बघून लांब पळतीस. आणि पडलीस तर तुझ्या आईला काय सांगू?"

णमोकार मंत्र म्हणून त्यांनी मेन स्विच बंद केला. मी न्हाणीत खाली उभी, झाडूच्या दांडक्यानं वायर वर सरकवायला. वर भोकात अक्का. आधी त्यांनी मऊ कुंच्यानं जुना फॅन हळूहळू झाडला. एक कोळी निघाला. "जा बाबा तू, त्या कोपऱ्यात जा," म्हणून त्याला भिंतीवर सोडला. एक पाल आपणहून गेली. मग गंजलेल्या स्क्रूंवर खोबरेल सोडून त्या वाट बघत बसल्या. घाई नाही, काही नाही. खोबरेल आत मुरायला लागेल तेवढा वेळ लागणारच. मी खालून बघत होते. जुना फॅन निघाला आणि भोक मोकळं झालं. गोल आभाळ, त्यात उसाचे हिरवे तुरे हलताहेत आणि मधोमध अक्कांचं तोंड, ऊन पाठीमागून पडल्यामुळे कानाच्या पाळ्या लालबुंद. ते इतकं शांत होतं की दांडकं वर धरून धरून माझा हात भरून आला तरी मला खाली घ्यावासा वाटेना.

"जाळी कुठल्या बाजूला येणार अक्का?"

"माणसाच्या बाजूला. बोट जायला नगं," म्हणाल्या आणि त्यांनी जाळी आपल्याकडे करून फॅन बसवला. जन्मभर त्यांनी अशीच कामं केली होती, जाळी आपल्याकडे. आणि त्या वेळी त्या होत्या बाहेर. माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

खाली उतरून त्या न्हाणीत आल्या, मेन चालू केला, बटण दाबलं. फॅन फिरला, अगदी आवाज न करता. आणि वारा सरळ आमच्या तोंडावर आला. आधी गार, मग त्यात गूळ. पलीकडच्या बांधाला त्या दिवशी काहिली चढलेल्या होत्या. वाऱ्याची मर्जी नाही, काही नाही, बटण दाबलं आणि सगळं गुऱ्हाळ न्हाणीत उतरलं. ताज्या रसाचा, मळीचा, धुराचा, जळत्या चिपाडाचा असा सगळा मिळून एक ऊन ऊन वास. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"अक्का, उलटा बसलाय," मी हळूच म्हणाले.

"व्हय."

"फिरवायला पाहिजे."

"आता दिवस मावळंल. उद्या बगू."

तो उद्या काही उजाडला नाही. वाफ बाहेर जायच्याऐवजी बोळातून स्वयंपाकघरात शिरायची, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं दमटून वळायला लागली. शेतात कुणी पाचट पेटवलं की काळी राख उडून साबणावर येऊन बसायची आणि मी गोरी व्हायला जायची ती ठिपके घेऊन बाहेर यायची. मी तक्रार केली की अक्का म्हणायच्या, "सोमवार हाय आज. फॅनबद्दल वाईट बोलू नगंस." पण खरं सांगायचं तर तक्रार तोंडदेखलीच होती. ती थंडी मी गुळाच्या वासात आंघोळ करत काढली. भिंतीवर उजेडाचे तुकडे गरगर फिरायचे, वाफेत वास विरघळायचा आणि मी कोण, कुठली, बँकेत किती वाजता पोचायचं, सगळं विसरायला व्हायचं. तितकं सुख मला पुन्हा कुठल्या बाथरूममध्ये मिळालेलं नाही.

आणि मग एका रविवारी सकाळी मुलगा आला. न सांगता. गाडीतून दोन मोठ्या रिकाम्या बॅगा काढून त्यानं सोप्यात ठेवल्या. अक्कांनी बॅगांकडे एकदा पाहिलं आणि तांदळाचं सूप पुढं ओढलं.

"आंघोळ करून घे. पानी तापलंय," एवढंच म्हणाल्या.

तो न्हाणीत गेला. फॅनचं बटण वाजलेलं आम्हाला ऐकू आलं. अक्का तांदूळ निवडत होत्या, खडा नसलेल्या ठिकाणी खडा शोधत होत्या. मला वाटलं, संपलं. उलटा बसवलेला फॅन म्हणजे चालून आलेला पुरावा. आईला आता जमत नाही हे सांगायला त्याला दुसरं काही लागणारच नव्हतं. मी माडीवर जायला उठले तर त्यांनी नुसता माझ्या पदराचा शेव धरला. मी बसले. सूप पाखडायचा आवाजही थांबला होता, आतून फक्त पाण्याचा आवाज. मग तोही थांबला. फॅन चालूच. माणूस बाहेर येईना.

खूप उशिरानं तो आला. केस ओले, डोळे लाल.

"आई, फॅन उलटा बसलाय."

"ठाऊक हाय मला."

"कुणी बसवला?"

"मी."

"स्टुलावर चढलीस?"

"न्हाई. नेम हाय माझा." आणि त्याला हाताला धरून त्या गोठ्यावर घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. तो त्या सतरंजीच्या जागेवर उभा राहून गुऱ्हाळाच्या चिमणीकडे बघत राहिला. लहानपणी काहिलीजवळ उसाच्या कांडक्याला गरम काकवी लावून चाटायचा म्हणे, जीभ पोळायची तरी सोडायचा नाही. अक्का हे मला सांगत होत्या, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"स्क्रू ड्रायव्हर दे," तो म्हणाला.

अक्कांनी कनवटीचा काढून दिला. तो खाली बसला. चारही स्क्रू त्यानं तपासले. एक सैल होता, तो आवळला. आणि स्क्रू ड्रायव्हर आईला परत दिला.

संध्याकाळी तो गेला तेव्हा एका बॅगेत गुळाच्या ढेपी होत्या आणि दुसरीत हळद, तांदूळ आणि सांडगे. अक्का त्याच्या गाडीला हात करत फाटकात उभ्या होत्या. गाडी वळली तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग मला म्हणाल्या, "बग, मला ठेवून गेला." त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मी आयुष्यात विसरणार नाही.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, साताऱ्यात घर झालं. फोन अधूनमधून चालू राहिले. आज बाणावर बोट ठेवून बसले असताना राहवेना म्हणून लावलाच.

"अक्का, मी एक्झॉस्ट फॅन बसवतेय. स्वतः."

"व्हय? बरं केलंस." आवाज म्हातारा झालाय, पण ठणठणीत.

"तुमचा अजून उलटाच आहे का?"

"न्हाई गं. गुऱ्हाळ बंद झालं औंदा. शेजारची पोरं सगळा ऊस कारखान्याला घालत्यात. चिमणी बी पाडली. मग म्हटलं आत यायला काय उरलंय, म्हणून गोठ्यावर बसून सुलटा केला. वाफ जाती आता, भिंत कोरडी ऱ्हाती. चांगलं हाय."

"चांगलं झालं की."

"व्हय. पन परवा पोरगा आला हुता. आंघोळीला गेला आन लगीच भाईर आला. बघ, लगीच." मला फोनमध्ये त्यांच्या अंगणातला कावळा ऐकू येत होता. "बॅगा पन आनल्या हुत्या. बोलला न्हाई काय. पुढच्या रविवारी परत येतोय."

मी फॅन मांडीवरून खाली ठेवला.

"मी म्हंतो, उद्या फिरवावा परत," अक्का म्हणाल्या. "नुसता वारा आला तरी चालंल. पोरगं वाईच येळ थांबंल आत."

मी हं म्हणाले. तशा त्या एकदम पूर्वीसारख्या खेकसल्या, "आन तू गं, मेन स्विच बंद केलाईस न्हवं?"

मी उठले आणि आधी मेन स्विच बंद केला.